इंगळेबाईंची अंघोळ

"बुलढाण्याहून येणारी, मेहकरमार्गे वाशिमला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे!" न्हाणीतून बाबांचा आवाज घुमला. "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे! प्रवाशांनी गडबड करू नये!"

न्हाणीच्या दाराबाहेर कौतिक आत्या एका हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात नवी कोरी कडी घेऊन उभी होती. तोंडात स्क्रू धरलेले होते, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, आणि बोलता न येणं ही तिच्यासाठी मोठीच शिक्षा होती. शेवटी तिनं स्क्रू हातावर काढले.

"बेबी, तुह्या बापाले म्हना आटपा. पाहुने येऊन उभे राहतीन अन् याची गाडी अजून फलाटावरच."

मला पाहायला येणार होते, तो हा दिवस. मी नुकतीच बी.ए. झाले होते. नाव बेबीनंदा, पण घरात नुसतं बेबी. बाबा, म्हणजे उत्तमराव वानखडे, चिखलीच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कौतिक आत्या त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली, आणि आल्या दिवसापासून तिचं नि बाबांचं भांडण सुरू झालं. त्यात पहिला नंबर न्हाणीच्या कडीचा.

झालं होतं असं की, एका थंडीत आत्या कढत पाण्याच्या वाफेनं न्हाणीतच चक्कर येऊन पडली. आतून कडी. बाबांनी पाट्याचा वरवंटा घालून दार फोडलं आणि तिला बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर आत्या पहिलं वाक्य बोलली ते असं : "दार काऊन तोडलं बे?" त्या दिवशी बाबांनी कडी उखडून विहिरीत टाकली आणि घराला नियम घालून दिला. न्हाणीला कडी नाही. जो आत असेल त्यानं अखंड आवाज करायचा. आवाज थांबला की बाहेरच्यानं हाक मारायची, आणि ओ आली नाही तर सरळ आत शिरायचं.

म्हणून बाबा अंघोळ करताना गाड्या सोडायचे. आई आधी स्तोत्र म्हणायची, पण न्हाणीत देवाचं नाव नको म्हणून आत्यानं ते बंद पाडलं. तेव्हापासून आई औटकीचा, म्हणजे साडेतीनचा, पाढा म्हणायची. मला लाज वाटायची, मी नुसती बादली वाजवायची. आत्याला काही म्हणावं लागत नसे. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत ती बाबांना मोठ्यानं शिव्या घालायची, आणि बाबा समोरच्या खोलीत पेपर वाचत निश्चिंत असायचे.

"पाहुण्यांना मी नीट समजावून सांगेन," बाबा डोकं पुसत बाहेर आले. "आवाज करा म्हणावं, बस. त्यात काय आहे?"

"सोयरिकीले आलेल्या मानसाले सांगशीन? न्हानीत जा अन् गानं म्हना?"

"गाणं कोण म्हणतंय? नुसता आवाज. खोकले तरी चालेल."

"उत्तम, तुह्यामुळे पोरीचं लगन मोडते एखांद्या दिवशी."

"आणि तुझ्या कडीमुळे माणूस मरतं एखाद्या दिवशी!"

बाबा तावातावानं स्टँडवर निघून गेले. दर्यापूरहून येणाऱ्या पाहुण्यांना ते स्वतः उतरवून घेणार होते. त्यांची पाठ वळताच आत्यानं न्हाणीच्या दाराला कडी बसवली, सरकवून पाहिली आणि तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं.

*

पाहुणे तिघंच होते. मुलगा सुधाकर, त्याचे वडील महादेवराव इंगळे आणि आई अनसूयाबाई. महादेवराव पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. शिडशिडीत, ताठ, मे महिन्यातही कोट घातलेला. ते पुढे, त्यांच्या मागे सुधाकर आणि सगळ्यात शेवटी, दोघांच्या पिशव्या घेऊन, अनसूयाबाई. त्यांच्या पायांवर, पदरावर, भुवयांवरसुद्धा रस्त्याची धूळ होती.

"बाई, सरबत घेता का चहा?" आईनं त्यांना विचारलं.

"तिला काही नको," महादेवराव म्हणाले.

बसल्या बसल्या त्यांना खिशातलं काहीतरी टोचू लागलं. त्यांनी कोटाच्या खिशातून एक लोखंडी मूठ काढली आणि टिपॉयवर लाडवांच्या ताटलीशेजारी ठेवली. नळाच्या मुख्य कॉकवर बसवून फिरवायची असते, तसली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले.

"आमच्या घरच्या पाण्याची," महादेवराव म्हणाले. "खारपाणपट्ट्यात राहतो आम्ही. गोडं पाणी म्हणजे काय, ते तुम्हा डोंगराकडच्या लोकांना नाही कळायचं. नोकरीत असताना पाळीशिवाय एका शेताला थेंब दिला नाही. घरातही तसंच. प्रत्येकाची पाळी ठरलेली. मी कॉक उघडतो, दाराशी उभा राहतो. एक टकटक झाली की साबण धुवायला घ्यायचा. दुसरी झाली की बाहेर. कॉक बंद."

"आणि तुम्ही बाहेरगावी असलात म्हणजे?"

"मूठ माझ्याजवळ. कटकट नाही."

"म्हणजे आज घरी..."

"थोरले बंधू आहेत. आम्ही परत गेल्यावर करतील अंघोळ."

बाबांचा चेहरा उजळला. सगळं आयुष्य वेळापत्रकात गेलेला माणूस तो. "याला म्हणतात शिस्त!" ते म्हणाले. दाराआडून आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे फिरवले.

मग मला बोलावलं. पोह्यांच्या बशा ठेवून मी पाटावर बसले. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं रीतीप्रमाणे झालं. मग महादेवरावांनी विचारलं, "अंघोळीला तुला वेळ किती लागतो?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी आत्याकडे बघितलं.

"लागते घटकाभर," आत्या म्हणाली.

"घटका म्हणजे चोवीस मिनिटं," महादेवराव म्हणाले. "फार होतात."

"बाबा," सुधाकर पहिल्यांदाच बोलला, "ते राहू द्या ना."

महादेवरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सुधाकर गप्प झाला. पण त्याचे कान इतके लाल झाले, की पंख्याखालीसुद्धा ते थंड होईनात. उंच, सावळा, बँकेत नोकरीला लागलेला तो मुलगा माझ्यापायी लाजला होता. मला तो आवडला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनातल्या मनात दर्यापूरला जाऊन पोहोचलेसुद्धा.

तेवढ्यात अनसूयाबाई उठल्या. आल्यापासून त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"पाय धुवून येते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"लवकर," महादेवराव म्हणाले.

मी त्यांना मागच्या पडवीत नेलं. न्हाणी तिथंच, स्वयंपाकघराला लागून. बंब पेटलेला होता. विहिरीवरून भरलेलं पाण्याचं पिंप काठोकाठ होतं. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"याले कडी हाये? आतून?"

"आहे," मी म्हणाले. "आजच लावली."

त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

*

पाय धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला. मग तोंड धुवायला लागतो तेवढा झाला. समोर बाबा चिखली ते पंढरपूर गाडीचे थांबे सांगत होते. महादेवराव ऐकत होते, पण त्यांची मान हळूहळू मागच्या दिशेला वळत होती.

"पाणी वाहतंय," ते म्हणाले.

"वाहू द्या हो."

"नाही, बरंच वाहतंय."

मग पाण्याचा आवाज बंद झाला. सगळं शांत. महादेवरावांचा जीव भांड्यात पडला आणि बाबांचा जीव टांगणीला लागला. आमच्या घरात न्हाणीतली शांतता ही धोक्याची खूण होती. बाबा उठून मागे आले, मी त्यांच्या मागे.

"वहिनी!" त्यांनी हाक मारली. "बरं आहे ना?"

उत्तर नाही.

"वहिनी, आवाज द्या! खोकला तरी!"

बाबांनी दार ढकललं. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं, मग वाकून फटीतून पाहिलं, आणि सरळ होऊन हळूहळू आत्याकडे वळले.

"ताई. कडी कोणी लावली?"

"माह्या बापानं."

"पाहुणी बाई आत मेली असेल!"

"मरत नाई कोनी. तू हळू बोल, तो कोटवाला ऐकीन."

दोघांचं भांडण सुरू झालं, पण कुजबुजत. उभ्या जन्मात मी ते दोघं कुजबुजत भांडलेले पाहिले नव्हते. बाबा ओठांनी ओरडत होते, आत्या हातांनी. बाबा म्हणाले, दार फोडतो. आत्या म्हणाली, आत बाई कोन्या अवस्थेत हाये मालूम नाई, दार फोडून काय पाह्यतं? बाबा म्हणाले, मी डोळे मिटून फोडीन. आणि ते शेजारच्या सुतारांकडून हातोडा आणायला परसदारानं पळाले. त्यांना अडवायला आत्या मागोमाग पळाली.

पडवीत मी एकटी उरले. आणि दार बोटभर उघडलं.

"पोरी," आतून हलकेच आवाज आला. "कढत पानी आनखी हाये का?"

फटीतून वाफ आली आणि शिकेकाईचा वास. आत्याची शिकेकाई! ती आत्या मलासुद्धा देत नसे.

"आहे ना," मी म्हणाले. "तुम्हाला बरं आहे ना? बाबा घाबरलेत."

"मले बरं हाये. लय बरं हाये."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिनं काही विचारलं नाही. बंबाखाली दोन लाकडं सारली, बादली भरली आणि माझ्या हातात दिली. मी ती फटीतून आत सरकवली. एक ओला, सुरकुतलेला हात आला आणि बादली घेऊन गेला. दार पुन्हा बंद, कडी पुन्हा सरकली.

"पोरी, हायेस का?"

"आहे."

"बाहेर कशाचं भांडन चालू होतं?"

"कडीचं."

"ते तुही आत्या होय ना? तुह्या बाबाले उलटून बोलते?"

"रोज."

"अन् ते काय करते?"

"तेही बोलतात. मग जेवायला बसतात."

आतून पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज आला, सावकाश, एकदम न ओतता धार धरून.

"आई बोलते?"

"आई कमी बोलते. पण ती बोलली म्हणजे मग दोघंही गप्प बसतात."

अनसूयाबाई हसल्या. आतून त्यांचं हसू न्हाणीत घुमून आलं. मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि मग :

"सुधाकर आवडला तुले?"

दार मधे होतं म्हणून मी सांगू शकले. "हो," मी म्हणाले.

"बरा हाये तो," त्या म्हणाल्या. "मनाचा बरा हाये." आणि पुन्हा पाणी ओतू लागल्या.

बाबा हातोडा घेऊन आले, तेव्हा आई मधे उभी राहिली. "त्या अंघोळ करताहेत," ती म्हणाली. "तुम्ही समोर जाऊन बसा." बाबांनी हातोडा पाठीमागे लपवला आणि मुकाट्यानं वळले, तर समोर महादेवराव. हातात ती लोखंडी मूठ.

ते दारापाशी गेले. मुठीनं दारावर टकटक केलं. एकदा.

आत पाणी थांबलं. महादेवरावांनी मान डोलावली, जणू सगळं आता जागेवर येणार. थोडं थांबून त्यांनी दुसरी टकटक केली.

आणि आतून अनसूयाबाई गाऊ लागल्या. कुठलंतरी जात्यावरचं गाणं होतं, आवाज बारीक, मधेच चिरकणारा, शब्द विसरले की नुसतं गुणगुणणं. बाबांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. "आता काळजी नाही," ते म्हणाले. "आवाज येतोय."

महादेवरावांनी तिसऱ्यांदा टकटक केलं. तिसरी टकटक त्यांच्या पद्धतीत नव्हतीच. त्यामुळे करून झाल्यावर त्यांनाच काय करावं सुचेना.

"तुमचा मुख्य कॉक कुठे आहे?" त्यांनी बाबांना विचारलं.

"कॉक नाही हो. विहिरीचं पाणी आहे."

"मग बंद कसं करता?"

"बंद कशाला करायचं?" बाबांनी अगदी खऱ्या कुतूहलानं विचारलं.

महादेवरावांनी मुलाला हाक मारली. सुधाकर पडवीत आला. "आईला बाहेर काढ," ते म्हणाले.

सुधाकर दारापुढे जाऊन उभा राहिला. आत गाणं चालू होतं. त्यानं आपल्या आईला गाताना बहुधा कधी ऐकलं नसावं, कारण तो नुसता ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मला वाटलं, आता हा वळून वडिलांना काहीतरी म्हणणार. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं वडिलांकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून तो हळूच म्हणाला, "आई, बाबा बोलावताहेत."

गाणं थांबलं.

*

अनसूयाबाई बाहेर आल्या त्या ओल्या केसांनी, आपलंच धुळकट लुगडं नीट नेसून. तोंड लालबुंद झालं होतं. वय दहा वर्षांनी उतरलेलं. त्या समोरच्या खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या, गार झालेले पोहे पुढे ओढले आणि शांतपणे सगळी बशी संपवली. मग एक लाडू घेतला. महादेवराव त्यांच्याकडे पाहत होते. पण दुसऱ्याच्या घरात आवाज चढवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी बाबांकडे वळून घसा खाकरला.

"मुलगी ठीक आहे," ते म्हणाले. "मोकळ्या पाण्यावर वाढलेली दिसते, पण वळण लावता येईल. आमच्याकडून होकार समजा."

बाबा अर्धे उठले. आत्यानं दाराआडून देवाला हात जोडले. सुधाकरचे कान पुन्हा लाल झाले.

"मले पोरगी पसंत नाई," अनसूयाबाई म्हणाल्या.

आत्याचे जोडलेले हात तसेच राहिले.

"काय?" महादेवराव म्हणाले.

"नखरेल हाये. अशी पोरगी आपल्या घरात नांदत नाई. नकार सांगा."

"निर्णय मी घेतो," महादेवराव एकेक शब्द सोडत म्हणाले. "मी होकार दिला आहे."

अनसूयाबाईंनी लाडवाचा शेवटचा घास तोंडात टाकला. "मंग तुम्हीच करा तिच्यासंग लगन," त्या म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. कोणाला हसायचं सुचलंच नाही. महादेवरावांनी टिपॉयवरची मूठ उचलली, खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा घातली. मग ते उठले. बाबा सवयीनं त्यांना स्टँडवर पोहोचवायला गेले आणि ड्रायव्हरच्या मागची सीट मिळवून दिली. जाताना अनसूयाबाईंनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आत्यानं त्यांच्या नावानं जो तोंडाचा पट्टा सोडला तो संध्याकाळपर्यंत चालू होता. माझी शिकेकाई संपवली, बंबाची लाकडं जाळली, पोहे खाल्ले, लाडू खाल्ला आणि वर पोरीले नखरेल म्हणून गेली! मी विहिरीवर जाऊन रडले. नखरेल! घरात बादली वाजवायचीही लाज वाटणारी मी. आणि ज्या बाईला मी दारातून मनातलं सांगितलं, तिनंच मला नाकारलं, हे जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला गेले, आत जाऊन त्यांनी कडी लावली, आणि एकही गाडी सोडली नाही. आत्याही त्या दिवशी शिव्या न घालताच न्हाऊन आली. घर असं कित्येक दिवस मुकं होतं.

*

मग माझं दुसरीकडे जमलं. मुलगा वाशिमचा, शाळेत शिक्षक. साखरपुडा झाला आणि मार्गशीर्षातली तारीख निघाली. दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी आत्या आणि मी दारात रुखवताच्या कुरडया निवडत बसलो होतो, तर स्टँडच्या दिशेनं एक बाई चालत आली. एकटी. हातात एकच पिशवी.

आत्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "हे तेच ना?" ती म्हणाली. "अवो बाई! आता काय राहिलं आमच्या घरातलं नाकारायचं?"

"बसू का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

आत्या कुरडया निवडत राहिली. मी चटई सरकवली. त्या बसल्या, आणि आत्याकडे न बघता माझ्याशी बोलू लागल्या.

"सुधाकरचं लगन झालं. श्रावनाच्या आधी."

"बरं झालं," मी म्हणाले. बरं वाटलं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

"तुले राग असन माह्या."

"तुम्ही मला नखरेल म्हणालात."

"मंग काय म्हनायले पाह्यजे होतं? काळी म्हनू? लंगडी म्हनू? काईतरी सांगनं भागच होतं. सुधाकरच्या बापानं तर होकार देऊन टाकला होता." त्या थांबल्या. "त्या दिवशी मी न्हानीत बसून वाट पाहत होते. म्हटलं, सुधाकर येते का, बोलते का बापाले. एक शब्द बोलला असता, तर मी स्वतःच्या हातानं तुले सोयरिकीचा नारळ देला असता. तो आला अन् काय म्हनला, तू ऐकलंच. अन् तू... तू त्याच्याहून गरीब. दाराच्या आडून बोलनारी पोरगी. तुले त्या घरात नेऊन काय करू? दोघी मिळून मुक्या बसलो असतो."

आत्याचा हात कुरडयांमध्ये थांबला होता. एवढे महिने ज्या शब्दावर मी रडले, तो शब्द त्या बाईनं माझ्यासाठी शोधून काढला होता.

"मग जी सून आली ती?" शेवटी मी विचारलं.

अनसूयाबाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मूर्तिजापूरची हाये. दुकानदाराची पोरगी. पहिल्याच सकाळी सासरा दाराशी उभा राहून टकटक करू लागला, तर आतून म्हनते, 'कोन आहे? थांबा, माझं व्हायचंय.' आपलं सारं झाल्यावर बाहेर आली, अन् त्यायच्या पुढं हात धरला. म्हने, 'मामंजी, ती मूठ द्या बरं इकडे.'"

"अन्?" आत्यानं विचारलं. ती आता पुढे सरकली होती.

"त्यायनं देली."

"देली?"

"देली ना! मी पाहत राहिले. इतके वर्ष आम्ही सारे त्या मुठीले भेत होतो, पन कोनी मागितलीच नव्हती. आता म्हातारा तिलेच विचारते, 'सूनबाई, माझी पाळी कधी?'"

आत्या जोरात हसली आणि हसल्याचा राग येऊन लगेच गप्प झाली. मी मात्र हसले नाही. मी स्वतःला विचारून पाहत होते, मी मागितली असती का? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, सुना आल्यावरही मी कधी कधी विचारून पाहते. उत्तर तेव्हा होतं तेच येतं. मी बादली वाजवत बसले असते.

अनसूयाबाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी आणि नारळ काढला. आधी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग नारळ आत्यापुढे धरला.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"आवतन. तुमच्या घरी मी अंघोळ करून गेले. तुम्ही सारे आमच्या घरी अंघोळीले या."

"अंघोळीले?" आत्या उडाली. "लग्नाचं आवतन ऐकलं, बारशाचं ऐकलं. अंघोळीचं आवतन कोनी देते का बाप्पा?"

"मी देते. पानी तापवून ठेवीन. कोनी टकटक करनार नाई."

आत्यानं पदर सावरला, मान ताठ केली. "हे पाहा बाई. तुम्ही चांगलं केलं का वाईट केलं, ते देवाले मालूम. पन आमची पोरगी तुम्ही चार मानसांत नाकारली. तुमच्या घरचं मी पानी बी पिनार नाई."

"पिऊ नका ना," अनसूयाबाई म्हणाल्या. "अंघोळ करा."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं नारळ घेतला, कुरडयांचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं, आणि आत जाऊन आपलं लुगडं पिशवीत भरायला लागली.